एफ कॉलम

१५ मे २०२३, सोमवार. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून मी खराडीतल्या ऑफिसात परत गेले. मुलगी पाच महिने दहा दिवसांची होती. आई साताऱ्याहून येऊन राहिली होती, म्हणून निघता तरी आलं. खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि हातात दुसरी पिशवी. तिच्यात पंप, दोन बाटल्या आणि बर्फाची पाकिटं. जागेवर जाऊन बघते तर माझ्या खुर्चीत दुसरीच मुलगी.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं," सर म्हणाले. "तो क्लायंट रात्री दहा-अकराला कॉल लावतो. तुला आता घर आहे, बाळ आहे. थोडे दिवस हलकं काम घे."

मी "थँक्यू सर" म्हणाले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मला कितीतरी जणांनी विचारलं की पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस. बोलणार काय? माणूस गोड बोलत होता, खुर्ची सरकवून देत होता, बाळाचं नाव विचारत होता.

आमचं काम अमेरिकेतल्या आरोग्यविम्याच्या क्लेमचं. मी सहा वर्षं फेटाळलेले क्लेम पुन्हा तपासायचे. म्हणजे कागद वाचायचे, क्लायंटशी बोलायचं, भांडायचंसुद्धा. आता आलेलं 'हलकं' काम म्हणजे बिलांचे नंबर दोन याद्यांमध्ये जुळतात का ते बघणं. नवीन पोरं ट्रेनिंगच्या दुसऱ्या आठवड्यात करतात ते.

दूध काढायला जागा नव्हती. एचआरनं स्टेशनरीची खोली दाखवली. दाराला आतून कडी नाही, म्हणून दाराला पाठ लावून खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर बसायचं. समोर कागदाच्या रीमा, टोनरची खोकी, गेल्या दिवाळीतले आकाशकंदील. पंपाचा आवाज घर्र-फुस्स, घर्र-फुस्स. बाहेरून कुणी गेलं की मी तो बंद करायचे आणि पावलं लांब गेली की पुन्हा सुरू. एका वेळेला वीस मिनिटं लागायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ही वीस मिनिटं पुढे ढकलता येत नाहीत. दोन तास उशीर झाला की छाती दगडासारखी होते, कुर्ता भिजतो, एकदा तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. पँट्रीच्या फ्रिजमध्ये बाटली ठेवली तर तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, फ्रिजमध्ये 'पर्सनल' वस्तू ठेवू नयेत. त्याच फ्रिजमध्ये कुणाचं तरी महिनाभराचं लोणचं होतं. असो.

सरांची एक पद्धत मला फार उशिरा कळली. लागणारं बोलायचं ते तोंडी आणि मराठीत. लिहायचं ते इंग्रजीत आणि अतिशय सभ्य. "आता तुझं लक्ष घरीच असणार ना", "बायकांचं डोकं बाळंतपणानंतर वर्षभर चालत नाही, माझ्या बायकोचंही नव्हतं चालत", "दुसरं कधी?" हे सगळं तोंडी. ईमेलमध्ये मात्र 'तुझ्या सोयीचा विचार करून' अशी सुरुवात. त्यांची ईमेल कुणालाही दाखवा, वाचणारा म्हणेल, किती समजूतदार साहेब मिळालाय.

१२ जूनला टीममध्ये एक नवी एक्सेल शीट आली. ए कॉलममध्ये नाव, बी आणि सीमध्ये येण्याजाण्याची वेळ, डीमध्ये जेवण, ईमध्ये चहा आणि एफमध्ये 'ठरलेल्या वेळेबाहेरचे ब्रेक'. चौदा जणांची टीम, चौदाही जणांना शीट दिसणार. नावाला ती सगळ्यांसाठी होती. सिगरेटवाले तिघे दिवसातून चारदा खाली जायचे, त्यांचा एफ कॉलम कोरा. माझा सर स्वतः भरायचे. ११.२० ते ११.४२. ३.४० ते ४.०१. पंधरा मिनिटांच्या वर गेलं की चौकट आपोआप लाल व्हायची. जूनअखेर माझी ओळ रक्त सांडल्यासारखी दिसत होती. एक पोरगा, तसा मनानं वाईट नाही, चहाच्या मशीनपाशी म्हणाला, "आज दोनदाच?" बाकीचे हसले, आणि मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो, त्यांच्यापेक्षा माझ्याच हसण्याचा.

जूनच्या शेवटी रेटिंग आलं. आधीच्या वर्षी पाचपैकी चार होतं, या वर्षी दोन. एप्रिल ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मी पूर्ण काम केलं होतं, पोट घेऊन रात्रीचे कॉल घेतले होते. विचारायला गेले तर सर म्हणाले, "वर्षभर होतीसच कुठे तू?" हेही तोंडीच. रेटिंगवर वार्षिक व्हेरिएबल पे ठरतो, त्यात माझे अडतीस हजार गेले. मग रोज पावणेसहाला मीटिंग लागू लागली, मी सहाला निघते हे ठाऊक असताना. आणि ७ ऑगस्टला पीआयपी, म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. आयटीत आणि बीपीओत काम करणाऱ्यांना हे तीन शब्द उलगडून सांगायला नकोत. साठ दिवसांत 'सुधारणा' दाखवा, नाहीतर नारळ. कागद हातात देताना सर हळूच म्हणाले, "स्वतःहून पेपर टाकलास तर रिलीव्हिंग लेटर छान देऊ. तुझ्यासाठीच सांगतोय."

घरी नवरा म्हणाला, सोड. आई म्हणाली, लेकरू लहान आहे, एवढं वर्ष काढ. फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर होता, त्यामुळे सोडणं हे फक्त बोलायला सोपं. दूध कमी व्हायला लागलं होतं आणि मी त्याचंही खापर स्वतःवर फोडत होते.

त्या रात्री बारा वाजता मी एचआरला पत्र लिहायला घेतलं आणि चार पानं लिहिली. 'मानसिक छळ' हा शब्द इतक्या वेळा आला होता की तिसऱ्या पानावर तो मलाच खोटा वाटू लागला. नशीब, पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या अंतर्गत समितीच्या एका मॅडमना भेटले. नोटीस बोर्डावर त्यांचा फोटो असतो, म्हणून ठाऊक होत्या. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही समिती २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्याखाली आहे. तुझा त्रास खरा आहे, पण तो लैंगिक छळ नाही. इथे तक्रार केलीस तर ती आमच्या कक्षेत नाही म्हणून परत येईल आणि सरांच्या हातात कोलीत मिळेल. मी चिडून बाहेर पडले. बाईनं बाईला असं सांगावं? आता वाटतं, त्या दिवसात माझ्याशी सरळ बोललेलं ते पहिलं माणूस होतं.

मग मामा. माझा मामा पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात एकतीस वर्षं होता, त्यातली बरीच युनियनच्या कमिटीवर. आईनंच त्याला बोलावलं. त्यानं चष्मा लावून माझी चार पानं वाचली, खाली ठेवली आणि म्हणाला, "पत्र आहे का कीर्तन?"

मला रडू फुटलं. तो थांबला, पाणी दिलं आणि म्हणाला, "वाचून माझ्याही पोटात कालवलं. पण रडण्यावर कारवाई होत नाही गं. तारखा कुठायत?"

त्याच दिवशी त्यानं मला दोनशे पानी वही आणायला लावली. डाव्या पानावर तारीख, वेळ, कोण हजर होतं. उजव्या पानावर काय घडलं, आपलं मत न घालता. "'अपमान केला' लिहायचं नाही. काय शब्द बोलला ते लिही. अपमान वाचणाऱ्याला दिसतो." मागचं आठवून आठवून लिहिलं, जे नक्की आठवेना ते सोडून दिलं. ही त्याची दुसरी अट.

त्यानंच ओळखीच्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिस, पंधराशे रुपये फी, बाहेर झेरॉक्सवाल्याची रांग. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या हाताखाली कोण आहे? कुणाची रजा तुम्ही मंजूर करता?" कुणाचीच नाही, मी म्हणाले. मग त्यांनी समजावलं. आपल्याकडे साहेब छळतो, टोमणे मारतो, एकटं पाडतो एवढ्यावर चालेल असा सरसकट कायदा नाही. औद्योगिक विवाद कायद्यातून जायचं तर आधी तुम्ही 'कामगार' आहात का यावरच वाद. पदनाम काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय ते कोर्ट बघतं, पण कंपनीचा वकील त्यात दोन वर्षं सहज घालवतो.

"म्हणजे काहीच नाही?"

"थांबा ना," त्या म्हणाल्या. "तो तुमच्यावर नेमकं कशाबद्दल खुन्नस काढतोय?"

मी सगळं सांगितलं. खोली, पंप, शीट. शीटवर आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१. तेव्हा हाच कायदा लागू होता. कलम ११. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईला, नेहमीच्या विश्रांतीच्या सुट्टीखेरीज, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या.

पुस्तक १९६१ च्या कायद्याचं. माझी आईसुद्धा त्यानंतर जन्मलेली. सव्वीस आठवडे २०१७ च्या दुरुस्तीतले, ते सगळ्यांना माहीत. त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. आमच्याकडे तीनशे माणसं होती. पाळणाघर नव्हतं आणि ते नाही हे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. शिवाय कलम १९: या कायद्याचा सारांश, बायका काम करतात त्या जागी, स्थानिक भाषेत ठळक लावलेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बोर्ड वाचला. आग लागल्यावर कुठून पळायचं त्याचा नकाशा, समितीच्या मॅडमचा फोटो, रांगोळी स्पर्धेचा निकाल.

वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "छळाला कलम नाही, पण दूध पाजायला आहे. आणि या कायद्यात तुम्ही कामगार की ऑफिसर हा प्रश्नच येत नाही. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेली बाई, बास."

बसमधून घरी येताना मला एकदम उमगलं की पुरावा मला गोळा करायचाच नाहीये. तो सरांनी स्वतःच्या हातानं, मिनिटामिनिटासह, एफ कॉलममध्ये भरून ठेवलाय.

शीटचे स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह भयंकर झाला. माझी एक मैत्रीण दुसऱ्या कंपनीत डेटा सिक्युरिटीत आहे, तिनं फोनवरच खडसावलं. ऑफिसची फाइल बाहेर पाठवलीस की तुझी तक्रार राहील बाजूला, तुलाच त्या कारणावरून काढतील आणि ते कारण कोर्टातही उभं राहील. मग मी रोज संध्याकाळी वहीत वेळा हातानं उतरवून घेतल्या. १२ जून ते ११ ऑगस्ट, मी हजर असलेले दिवस एक्केचाळीस. प्रत्येक दिवशी दोन. ब्याऐंशी लाल चौकटी.

अर्ज मामानं मराठीत घातला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. मग मी त्याचं इंग्रजी केलं. चार पानांचं दीड पान झालं. त्यात 'छळ' हा शब्द एकदाही नव्हता. कलम ११ च्या सुट्ट्या तीनशे माणसांच्या कंपनीत अनधिकृत म्हणून नोंदवल्या जातात, त्या नोंदी आपल्याच सर्व्हरवर अमुक नावाच्या फाइलमध्ये आहेत, उघडून पाहाव्यात. त्याच नोंदींच्या आधारे पीआयपी दिला, पीआयपीच्या कागदावर तसा उल्लेख आहे. रजेच्या काळातल्या गैरहजेरीवरून रेटिंग कमी केलं आणि पगाराचा भाग कापला. रजेवर असताना बाईच्या सेवाशर्ती तिच्या तोट्यात बदलता येत नाहीत, कलम १२. पाळणाघर नाही, सारांश लावलेला नाही. शेवटची ओळ मामाची: पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास हाच अर्ज माननीय कामगार आयुक्तांकडे सादर करीन. "'करावा लागेल' लिहू नकोस," तो म्हणाला. "'करीन' लिही."

१४ ऑगस्टला पाठवला. तीन महिन्यांत ज्या एचआरनं माझ्या तीन ईमेलना 'नोटेड' एवढंच उत्तर दिलं होतं, तिथून तासाभरात फोन आला. तोही प्रेमळ. बसून बोलूया, अर्ज सध्या मागे घे. मी म्हटलं, बसून बोलूया, अर्ज राहू दे.

मीटिंग २३ ऑगस्टला, दुपारी साडेचारला. तारीख विसरणं शक्यच नाही. एचआरचे हेड, मुंबईहून आलेल्या लीगलच्या एक बाई, सर आणि मी. लीगलच्या बाईंनी लॅपटॉप उघडून शीट पडद्यावर लावली. मोठ्या पडद्यावर तो लाल रंग आणखीच भडक दिसत होता.

"हा एफ कॉलम कोण भरतं?"

"मी स्वतः," सर म्हणाले. "ट्रान्सपरन्सीसाठी." आवाजात चक्क अभिमान होता. त्यांना खरोखर वाटत होतं की हा माझ्याविरुद्धचा पुरावा आहे.

"बाकी तेरा जणांचा रिकामा कसा?"

"बाकी कुणाचा प्रॉब्लेमच नाही ना, मॅडम."

बाईंनी सरांकडे पाहिलं, मग एचआरच्या हेडकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. त्या मिटण्याचा टक् असा आवाज मला अजून ऐकू येतो. मग रेटिंगवर खूप वेळ गेला. रेटिंग ही सेवाशर्त नव्हेच, असं एचआरचं म्हणणं. असेलही, मी म्हटलं, पण अडतीस हजार तर पगारच होते. वाद चालू असतानाच बाहेर गलका वाढत गेला. सहा वाजत आले होते. एचआरचे हेड म्हणाले, "पाच मिनिटं थांबूया का?" आम्ही चौघं उठून बाहेर गेलो. अख्खा फ्लोअर टीव्हीपुढे उभा होता, आणि सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं. माझ्या शेजारी उभे राहून सर जोरजोरात टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. कागदाच्या रीमांशेजारी बसून दूध काढायची वेळ तेव्हा टळून गेली होती आणि कुर्ता भिजायला लागला होता, ओढणी पुढे ओढून घेतली.

पत्र आलं १५ सप्टेंबरला. पीआयपी मागे. दोन सुट्ट्या अधिकृत. रेटिंग तीन, आणि कामाच्या महिन्यांच्या प्रमाणात व्हेरिएबल पे. सगळे अडतीस नाही, तेवीस हजार परत मिळाले. स्टेशनरीच्या खोलीला कडी बसली. सुतार कडी ठोकत असताना मी मुद्दाम तिथून दोनदा गेले. नोव्हेंबरमध्ये मला दुसऱ्या टीममध्ये घेतलं, पुन्हा क्लेमच्या कामावर. पाळणाघरासाठी शेजारच्या इमारतीतल्या एका डे-केअरशी करार झाला, त्याला फेब्रुवारी उजाडला. मराठीतला सारांश बोर्डावर लागला, रांगोळीच्या निकालावर.

सरांनी माफी मागितली नाही. जानेवारीत त्यांना बढती मिळाली, तेही लिहायला हवं. माझ्या खुर्चीत बसलेली मुलगी डिसेंबरमध्ये एकदा जेवताना शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मला सगळं दिसत होतं, पण मी प्रोबेशनवर होते." मी तिला डब्यातली भाकरी दिली. तिच्यावर चिडायला जीवच उरला नव्हता.

५ मार्च २०२४ ला मुलगी पंधरा महिन्यांची झाली आणि कलम ११ माझ्यापुरतं संपलं. आठ मार्चला महाशिवरात्रीची सुट्टी होती, म्हणून महिला दिन ऑफिसनं सातलाच उरकला. प्रत्येकीला एक गुलाब, एक कपकेक आणि आमच्या जुन्या सरांचं भाषण, घर आणि करिअर यांची कसरत वगैरे. मला आठवत होत्या वकीलबाईंनी सांगितलेल्या दिल्लीतल्या बायका. महापालिकेच्या हजेरीपटावर रस्त्याची खोदकामं करणाऱ्या. कायम नोकरी नाही म्हणून त्यांना बाळंतपणाची रजा नाकारली होती. त्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि रजा मिळाली. निकालाची तारीख ८ मार्च २०००. त्यांच्या हाती गुलाब कुणी दिला नसेल.

भाषण संपल्यावर जागेवर आले. जुन्या टीमची एक थकलेली केस माझ्याकडे आली होती, तिचा तपशील बघायला त्यांची शीट उघडावी लागली. अजून तीच शीट, एफ कॉलम काढून टाकल्याचं लेखी कळवलेली. नाव, वेळ, वेळ, जेवण, चहा. वरच्या अक्षरांकडे नजर गेली. ए, बी, सी, डी, ई आणि त्यानंतर एकदम जी.

कॉलम काढला नव्हता, लपवला होता. दोन क्लिकमध्ये उघडला असता. मी उघडला नाही. ड्रॉवरमधून वही काढली आणि डाव्या पानावर तारीख टाकली.